हिरवा दिवा आणि काळी वायर

चाकणच्या एका कारखान्यात मी गाड्यांचे वायरिंग हार्नेस तपासतो. हार्नेस बोर्डवर चढवायचा, कनेक्टर बसवायचे, सगळे दिवे हिरवे झाले की पुढे सोडायचा. चौदा वर्षं हेच काम केल्यावर डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: या टोकापासून त्या टोकापर्यंत कंटिन्युटी आहे, मीटर बीप देतोय, म्हणजे वायर चांगली. आता मला तसं वाटत नाही. बाबांच्या २००४ सालच्या पेट्रोल गाडीने माझं मत बदललं. मोशीच्या एका वायरमन काकांनी ते आधीच सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं.

गाडी पावसाळ्यापासून त्रास देत होती. सकाळी सेल्फ जड फिरायचा. रात्री नाशिक हायवेने घरी येताना हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम चालू असले की इंजिन थरथरायचं आणि टेम्परेचरचा काटा वर सरकायचा. हेडलाइट बंद केले की काटा लगेच खाली. खरंच तापलेलं इंजिन असं क्षणात गार होत नाही, एवढा विचारही मी तेव्हा केला नाही. ॲक्सिलरेटर जड झाला होता, तर ती वेगळीच तक्रार समजून केबलमध्ये तेल सोडलं.

काकांनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ सेल्फचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "साहेब, इंजिनाची अर्थिंग बघा. ती बॉडीवरून आलेली काळी वायर."

मी मीटर काढला. दोन टोकांना प्रोब लावले, बीप वाजला. "०.३ ओहम आहे काका. वायर ठीक आहे." हे मी त्यांच्याकडे काम शिकणाऱ्या पोरांसमोर म्हणालो, आणि आवाज चढवून म्हणालो. ते काही बोलले नाहीत. मी नवी बॅटरी घेतली, ऑल्टरनेटर उघडून तपासून घेतला (तो चांगलाच निघाला), क्रँक सेन्सर बदलला. गाडी होती तशीच राहिली.

मग एक दिवस आमच्या लाइनवरच्या ट्रेनी मुलाने विचारलं, "सर, वायरच्या सगळ्या तारा तुटल्या आणि एकच उरली, तरी बोर्ड हिरवा होईल का?" होईल, मी म्हणालो. म्हणून तर क्रिंप ओढून वेगळा तपासतात, त्याची उंची मोजतात. वायर योग्य जागी पोचली की नाही एवढंच आपला बोर्ड सांगतो, ती किती भार पेलेल ते नाही. हे त्याला समजावताना मला काकांचा चेहरा आठवला. पुढचं वाक्य मला सुचेना.

रविवारी मीटर व्होल्टवर ठेवला. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दिसले २.६. ओहम मोजताना मीटर वायरीतून जेमतेम मिलीअँपिअर सोडतो, सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. १३० अँपिअरला ०.०२ ओहमचा अडथळाही २.६ व्होल्ट खातो, आणि ०.०२ ओहम माझ्या मीटरला दिसतच नाही. काकांना ऐकवलेले ते ०.३ बहुतेक माझ्या प्रोबच्या वायरींचेच होते.

जंपर केबलने बॅटरीचा मायनस थेट इंजिनाला जोडला आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. जुनी वायर काढून सोलली. आत हिरवी भुकटी, आणि शाबूत तारा बोटावर मोजण्याएवढ्या. काट्याचंही कोडं सुटलं. दिव्यांचा करंट परत ऑल्टरनेटरकडे जातो तो इंजिनावरून. ती वाट आवळली की बॉडी आणि इंजिन यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो आणि इंजिनावर बसवलेला सेंडर काट्याला खोटं सांगतो.

आमच्या पट्ट्यात टेल्को, बजाज आले, मागून चाकणला परदेशी कंपन्या आल्या. गाडीचं ज्ञान गेटच्या आत असतं, असं मानतच आम्ही वाढलो. पण गेटच्या आत मी फक्त नव्या वायरी पाहिल्या होत्या. वीस पावसाळे खाल्लेली वायर कशी वागते, हे मोशी-भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज पाहणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते ज्ञान अंदाजपंचे नाही.

नवी वायर टाकल्यावर ०.१५ व्होल्ट आले. तो आकडा घेऊनच मी काकांकडे गेलो. "काका, मी चुकलो होतो. पोरांसमोर तसं बोलायला नको होतं." पोरं तिथेच होती, म्हणून त्यांच्यासमोरच म्हणालो.

काकांनी मान हलवली आणि विचारलं, "ॲक्सिलरेटर अजून जड लागतो का?"

मी त्यांना ते कधी सांगितलंच नव्हतं.

"अर्थिंगला वाट मिळाली नाही की सेल्फचा करंट मिळेल तिथून जातो. इंजिनापासून बॉडीपर्यंत लोखंडाची तार दुसरी कुठली आहे? केबल काढा."

काढली. बाहेरच्या नळीतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं, आणि त्यावर मी सोडलेलं तेल काळं पडलं होतं.