टेसच्या आधीची टेस

कादंबरीचं हस्तलिखित हाती आलं की मी आधी पानाचा वरचा कोपरा बघतो. तिथे पृष्ठांक असतो. लेखकाने तो खोडून शेजारी दुसरा घातला असेल, तर माझा दिवस सत्कारणी लागला म्हणायचं. मजकूर काय, छापील पुस्तकातही आहे.

थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'चं हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १९८६ साली त्याची छायाप्रत ग्रंथरूपाने निघाली आणि दरवर्षी लंडनवारी न परवडणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरांची सोय झाली. या प्रतीत जुना आकडा काटून नवा घातलेली पानं भरपूर. म्हणजे मध्ये नवी पानं घुसली, जुनी मागे सरकली. त्याहून गमतीची आहेत नावं. आपण जिला टेस म्हणतो ती आधी टेस नव्हतीच. कुठे ती 'लव्ह' आहे, कुठे 'सिस', कुठे 'सू', कुठे 'रोझ-मेरी'. एका नावावर काट, वर दुसरं, कधी त्यावरही काट. कोणत्या पानावर कोणतं नाव खोडलंय आणि तिथला जुना पृष्ठांक कोणता, हे ताडून पाहिलं की कादंबरीचे थर सुटे होतात. जे. टी. लेअर्ड या अभ्यासकाने १९७५ साली हे काम पुस्तकभर केलं. आपल्याकडे पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की पोथीत चुका लेखनिकाच्या असतात. इथे काटाकाट खुद्द कर्त्याची.

थर पडले ते संपादकांमुळे. १८८९ मध्ये हार्डीने बोल्टनच्या टिलटसन या वृत्तपत्रांना कथा पुरवणाऱ्या कंपनीकडे पहिला भाग पाठवला. त्याचे खिळे जुळवून झाल्यावर त्यांना धडकी भरली. कुमारी माता, तिने स्वतःच्या हाताने केलेला बाळाचा बाप्तिस्मा! व्यवहार मोडला. मग दोन मासिकांनी नकार दिला. शेवटी 'ग्राफिक' साप्ताहिकासाठी हार्डीने स्वतःच कात्री उचलली. फसवणुकीचा प्रसंग गेला, बाप्तिस्मा गेला, त्या जागी खोट्या लग्नाचं थोतांड आलं. पाणी साचलेल्या वाटेवरून टेसचा प्रियकर एंजल चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, तेही खटकलं. साप्ताहिकात त्या बिचाऱ्या हातगाडीतून गेल्या. कापलेले दोन तुकडे हार्डीने वेगळ्या नियतकालिकांत स्वतंत्र कथाचित्रं म्हणून छापून आणले, आणि १८९१ च्या अखेरीस पुस्तक निघालं तेव्हा त्यातलं बरंचसं पुन्हा जागच्या जागी शिवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी ही हकिगत वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग खरी टेस कोणती?" अजून उत्तर देता आलेलं नाही.

आता पत्रं. हार्डीचा पत्रव्यवहार रिचर्ड पर्डी आणि मायकेल मिलगेट यांनी १९७८ ते १९८८ या काळात सात खंडांत संपादित केला. राहिलेल्या पत्रांचा आठवा खंड २०१२ मध्ये आला. सगळे खंड वाचायचा पराक्रम मी केला आहे आणि तो कुणाला करायला सांगणार नाही. पुस्तक मिळालं, आभार. अमुक आवृत्तीचे हक्क कुणाकडे? प्रकृतीमुळे येणं जमणार नाही. कादंबरीच्या आतल्या गाठीबद्दल हा माणूस सहसा चकार शब्द काढत नाही. 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' 'कॉर्नहिल' मासिकात १८७४ मध्ये क्रमशः येत होती. संपादक लेझली स्टीफन यांनी फॅनी रॉबिन या फसवल्या गेलेल्या मुलीचं प्रकरण जरा जपून हाताळायला सुचवलं. हार्डीने कळवलं, की पुढेमागे माझी उद्दिष्टं उंच असतीलही, तूर्त मला क्रमशः कथा लिहिणारा चांगला कसबी म्हणून ओळखलं तरी पुरे. पत्र वाचून वाटतं, गडी मुकाट्याने ऐकणारा आहे. हस्तलिखित उघडलं की कळतं, शवपेटीतल्या फॅनीचं आणि तिच्या तान्ह्याचं वर्णन त्याने आधी किती सविस्तर लिहिलं होतं. पत्रात मान डोलवायची आणि पुढल्या कादंबरीत आणखी मोठी आगळीक करायची, ही त्याची रीत मला तरी फार आवडते.

पत्रं कोरडी असण्याला दुसरंही कारण आहे. ओली होती ती जळली. पहिली बायको एमा. तिने लग्नाआधीचा दोघांचा पत्रव्यवहार जाळला असं सांगतात. १९१२ च्या नोव्हेंबरात ती गेली. नवऱ्याबद्दल ती गुपचूप लिहीत असे. ती बाडं वाचून त्याने जाळली, आणि तिच्यावर अशा कविता लिहिल्या की आधी इतका अबोला धरणारा हाच का, असा प्रश्न पडावा. पहिल्या महायुद्धानंतर डॉर्चेस्टरजवळच्या 'मॅक्स गेट' या स्वतः आराखडा काढून बांधलेल्या घरात त्याने जुनी पत्रं, टिपणवह्या आगीत घातल्या. स्वतःचं चरित्रही त्याने तृतीयपुरुषी लिहिलं, दुसरी बायको फ्लॉरेन्सकडून टंकलिखित करून घेतलं आणि मूळ कागद नष्ट केले. ते १९२८ आणि १९३० मध्ये दोन भागांत निघालं ते तिच्या नावावर! त्याच्या निधनानंतरही मॅक्स गेटच्या बागेत कागद जळत होते.

एवढा सावध माणूस कादंबऱ्यांची हस्तलिखितं मात्र वाटत सुटला. १९११ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचे संचालक सिडनी कॉकरेल मॅक्स गेटला आले. कुठलं बाड कुठे द्यायचं ते हार्डीने त्यांच्यावरच सोपवलं. 'टेस' ब्रिटिश म्युझियमला, 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' फिट्झविल्यमला, 'द ट्रम्पेट-मेजर' राजाच्या संग्रहात, 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' गावच्या डॉर्चेस्टर संग्रहालयाला. त्याआधीच हातचं सुटलेलं 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' आज डब्लिनच्या विद्यापीठात आहे. त्याला वाटलं असावं, पत्रं म्हणजे खाजगी, हस्तलिखित म्हणजे झालेलं काम, त्यात कोण काय शोधणार? वास्तुशास्त्र शिकलेला, अक्षर स्वच्छ. इथे तो फसला. 'ज्यूड'बद्दल तो पत्रांतून नाना खुलासे करत राहिला. पण त्या कथेचा रोख लिहिता लिहिता कसा बदलत गेला, हे फिट्झविल्यममधल्या पानांना विचारावं.

एक वही आगीतून वाचली, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. 'फॅक्ट्स' असं साधं नाव. जुनी 'डॉर्सेट काउंटी क्रॉनिकल' चाळून त्यात उतरवलेल्या बातम्या. नवऱ्याने बायको विकल्याच्या नोंदी त्यातच आहेत. 'मेयर'ची सुरुवातच जत्रेत बायको विकण्याने होते, आणि अनेक वाचकांना ती अतिशयोक्ती वाटते. आपल्या कादंबऱ्यांच्या प्रदेशाला दिलेलं वेसेक्स हे नाव हार्डीने पुराण्या इतिहासातून उचललं, पण माती अशी वर्तमानपत्रांतून खणून आणली. पुढे १८९५-९६ च्या एकत्रित आवृत्तीसाठी त्याने जुन्या कादंबऱ्यांतली गावं नि अंतरं एकमेकांशी जुळवून घेतली. म्हणजे ज्या प्रदेशाचा नकाशा आपण वाचण्याआधी उघडून बसतो, तो पंचवीस वर्षं काटाकाट करत बनला.

'मॅडिंग क्राउड'चं हस्तलिखित नाहीसं झालं असंच तो समजून होता. १९१८ मध्ये ते लंडनला प्रकाशकाकडे सापडलं, रेडक्रॉसच्या मदतीसाठी लिलावात गेलं. आज ते अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. पण त्या कादंबरीची सगळी पानं तिथेही नाहीत. बॉकहॅम्प्टनला वडिलांच्या घरी राहून तो ती लिहीत होता. शेतारानात फिरताना काही सुचायचं आणि खिशात कागद नसायचा. मग तो लाकूडतोड्यांनी टाकलेल्या पांढऱ्या ढलप्यांवर लिहायचा, दगडावर, पाटीच्या तुकड्यावर लिहायचा, नाहीतर झाडाखाली पडलेलं एखादं मोठं वाळकं पान उचलायचा.