नाळेची खूण

मुशी, म्हणजे शार्क, कमी झाली म्हटलं की मी लगेच तिच्या परांच्या व्यापाराकडे बोट दाखवायचे. परांचं सूप पिणारे दूरदेशी, दोष त्यांचा. मी आपली बाजारातून हातभर मुशी आणते, तीही बाळंतिणीसाठी! माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने मुशीचं कालवण केलं होतं. दूध उतरतं म्हणतात. धाकट्या बहिणीच्या वेळी मीच ससून डॉकला गेले. "मावशी, लहानातली द्या, कोवळी असते," असं सांगून घेतली.

डोकं हातोड्यासारखं आडवं, दोन टोकांना डोळे. कानमुशी. घरी धुताना छातीच्या दोन परांच्या मधोमध बारीक चीर दिसली. सुरी लागली असेल असं वाटलं. ती नाळेची खूण होती, हे मला फार उशिरा कळलं. कानमुशी अंडी घालत नाही. पिल्लं आईच्या पोटात नाळेवर वाढतात आणि जन्मल्यावर काही आठवडे ती जखम भरत असते. बाळंतिणीच्या ताटात मी नवजात पिल्लू वाढलं होतं.

तिथून माझं मत फिरलं. मादी पिल्लं घालण्याजोगी व्हायला दहाहून अधिक वर्षं लागतात. मग नऊ-दहा महिने गर्भ, आणि पिल्लं फार तर तीस-चाळीस. बांगड्याच्या हजारो अंड्यांचा हिशेब इथे चालत नाही. पिल्लं जन्मतात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, जिथे जाळीही सर्वांत दाट. 2019 साली कानमुशीची ही जात जगभरात अतिसंकटग्रस्त ठरली. भारताने 2015 मध्ये परांची निर्यात बंद केली, ते योग्यच झालं. पण माझ्या पिशवीतलं पिल्लू त्या बंदीने वाचणार नव्हतं. त्याला गिऱ्हाईक मी होते.

कोळणींना मी बोल लावत नाही. जाळ्यात काय शिरेल ते दर्या ठरवतो, आणि हातभरच वाढणारी मुशीची वेगळी जातही आहे, त्यामुळे प्रत्येक लहान मुशी पिल्लूच असते असं नाही. पण कोवळ्या पिल्लाला भाव येतो तो आपण मागतो म्हणून.

बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणात आईने अळिवाची खीर केली. बाळाला दूध पुरलं.

तुमच्या बाजारात आडव्या डोक्याची मुशी दिसली तर घेऊ नका. आणि का घेत नाही, ते मावशींना तिथेच सांगा.