साखरेची पुडी

‘मला घडविणारी माणसे’ या विषयावर स्मरणिकेसाठी लिहावे, असा निरोप आला तेव्हा प्रथम आठवली ती आमची काकी. ती ख्रिस्ती होती. बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत तिच्याविषयी लिहावे की नाही, असा क्षणभर संकोच वाटला. परंतु ज्या वास्तूत रोज सकाळी त्रिसरण-पंचशीलानंतर सर्व प्राणिमात्रांचे मंगल चिंतिले जाते, त्या वास्तूत तीस वर्षे शिकविणाऱ्या बाईला असा संकोच वाटावा, याचीच मला लाज वाटली.

माझे माहेर नेवासे तालुक्यातले. आमच्या वस्तीत एकाच भावकीची दोन तऱ्हेची घरे होती. काही घरांत तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, तर काही घरांत येशूची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले आणि पुढील काळात जिल्ह्यातील महारवाड्यांतील कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. १९५६ च्या धम्मक्रांतीनंतर आमच्यासारख्यांनी बुद्धाला शरण जाण्याचा मार्ग पत्करला. काकीचे सासरे आणि माझे आजोबा चुलतभाऊ. पणजोबा एक, येसकरकीच्या काठीची आठवण एक, गावविहिरीवर सोसलेला अपमानही एकच. बदलली होती ती फक्त प्रार्थना.

काकी शिकलेली नव्हती. नावापुरती अक्षरओळख होती. परंतु वस्तीत कोणाचे बाळंतपण असो, आजारपण असो की मयत, तिचे पाऊल प्रथम पडे. माझे वडील वारले तेव्हा मी नववीत होते. भर पावसाचे दिवस, चुलीपाशी सुकी काटकी नाही. तिसऱ्या प्रहरी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन काकी आली ती भाकरी आणि पिठल्याचे पातेले घेऊनच. आईला तिने एक शब्दही समजावणीचा सांगितला नाही. शेजारी बसली, कडू घास स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाशी नेला आणि आई रडू लागली तशी आपणही रडली. पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी गाथा म्हटल्या तेव्हा ती मागच्या बाजूला हात जोडून बसली होती. गाथा तिने म्हटल्या नाहीत. नाताळच्या उपासनेला आई तिच्याबरोबर जाई, तीही अशीच बसे. एकमेकींचा देव-धम्म एकमेकींनी कधी मागितला नाही आणि कधी नाकारलाही नाही.

तिची धाकटी मुलगी आणि मी एका वर्गातल्या. दोघींनी डी. एड. एकत्र केले. गुणांत ती माझ्यापेक्षा चार पावले पुढेच. १९९२ साली याच संस्थेत राखीव जागेवर माझी नेमणूक झाली. त्या जागेसाठी तिला अर्जच करता येत नव्हता. जातीचा तो दाखला मला मिळत होता. तिला मिळत नव्हता. पणजोबा एकच असूनही!

आदेश हातात पडला त्या दिवशी आईने नेवाशाहून पेढे आणविले. मी घरोघर वाटले. काकीचे घर मात्र टाळले. आईच म्हणाली, “नको जाऊस. पोर घरी बसलेली, तिला वाईट वाटंल.” मला ते पटले, खरे तर सोयीचे वाटले. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाहण्याचे धैर्य मला नव्हते आणि त्या भित्रेपणाला आम्ही मायलेकींनी समजूतदारपणाचे नाव दिले.

दिवेलागणीला काकी स्वतःच आली. हातात कागदाच्या पुडीत बांधलेली साखर होती. उंबऱ्यातच उभी राहून ती आईला म्हणाली, “जाऊबाई, दुखाला मला हाक मारता, मंग सुखाला का नाही?” आई खाली मान घालून उभी. काकीने चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातली आणि म्हणाली, “माझ्या पोरीचं रडू मी माझ्या घरी रडंन. हे सुख आपल्या भावकीचं आहे. त्यात माझा वाटा का म्हून ठेवला नाही?”

त्या साखरेची चव अजून जिभेवर आहे आणि तीत थोडी कडूही आहे.

पुढे इतिहासात एम. ए. करताना मी या भागातील मिशनच्या कार्याविषयी बरेच वाचले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला काकी वारंवार भेटत असे. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला म्हणून कोसळून पडलेली ही बाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाली आणि नगरच्या प्लेगच्या छावणीत राहून तिने रोग्यांची शुश्रूषा केली. बालकवी ठोंबरे ख्रिस्ती नव्हते, तरी टिळकांचे घर त्यांना आपलेच होते. सेंट पॉलने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सुखी माणसाच्या सुखात आणि रडणाऱ्याच्या रडण्यात सहभागी होण्यास सांगितले आहे. त्यात सुखाचा उल्लेख आधी येतो, ही गोष्ट मला काकीमुळे ध्यानात आली. आपल्या धम्मातील चार ब्रह्मविहारांतही करुणेच्या जोडीला मुदिता आहेच. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा हे शब्द मी मुलांकडून पाठ करून घेत असे. मुदिता म्हणजे काय, हे मात्र मला एका ख्रिस्ती बाईने साखरेच्या पुडीतून शिकविले.

दुःखात धावून जाणे त्या मानाने सोपे असते. तेथे आपण देणारे असतो, समोरचा घेणारा असतो. दुसऱ्याच्या सुखात, त्यातही स्वतःच्या लेकराला नाकारलेल्या सुखात, मनापासून सामील होण्यासाठी दोघेही एका पायरीवर असावे लागतात. बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य टिकत नाहीत, असे बाबासाहेबांनी संविधान सभेतील अखेरच्या दिवसांत बजावले. ती बंधुता काकीच्या वागण्यात होती. आमच्यात ती किती होती, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

कारण या गोष्टीची दुसरी बाजू अजून सांगायची आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश प्रथम मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला आणि १९९० साली बौद्धांचा. महाराष्ट्राने बौद्धांना सवलती त्याआधीच दिल्या होत्या. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या समाजाला धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षे वाट पाहावी लागली. धर्म बदलल्याने गावाने आपल्याला पाहण्याची दृष्टी बदलली नाही, हाच आपला त्या वेळचा युक्तिवाद होता. काकीच्या मुलीला तो जसाच्या तसा लागू होता. तरी आमच्या बैठकांत हा विषय निघाला की “आधीच आपल्या वाट्याला काय येते?” असे कोणीतरी म्हणे आणि मी गप्प बसे. वाटा कमी होण्याची भीती खोटी नाही. गरिबाची भीती कधी खोटी नसते. पण त्या भीतीपोटी मी माझ्या बहिणीचे दुःख दुःखच नाही असे मानून चालले. काकीने माझ्या सुखात वाटा मागितला. तिच्या दुःखात माझा वाटा मी कधी मागितला नाही.

काही वर्षांपूर्वी काकी वारली. दफनभूमीतून परतल्यावर मी भाकरी आणि पिठले करून तिच्या घरी नेले. मैत्रीण एका खासगी बालवाडीत आयुष्यभर तुटपुंज्या पगारावर शिकवून थकलेली. तिच्या तोंडात कडू घास घालताना मी म्हणाले, “त्या दिवशी पेढे घेऊन तुझ्याकडे यायला हवे होते गं.” ती म्हणाली, “आई सांगत होती, तू येशील. तुला तीस वर्षं लागली.” आम्ही दोघी रडलो, आणि मग थोडे हसलोही.

तेव्हापासून निकालाच्या दिवशी मी वर्गात एक प्रथा पाळते. पहिला आलेल्या मुलाला साखर मी देत नाही. ज्याचा नंबर थोडक्यात हुकला, त्याच्या हाती साखर देते आणि पहिल्याला भरवायला सांगते. सुरुवातीला मुले लाजतात, एखाद्याचे डोळेही भरून येतात. मग पहिला आलेला मुलगा चिमूटभर साखर उचलून त्याच्याही तोंडात घालतो. हे मी सांगितलेले नसते.

माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज नोकरीचे आदेश येतात, नव्या घरांच्या वास्तू होतात. पेढे वाटायला निघाल तेव्हा एखादे दार टाळावेसे वाटले, तर क्षणभर थांबा. पहिला पेढा त्याच दारी द्या. आणि तेथे बसून, त्या घराचे काय राहून गेले आहे, तेही विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!