ठासणीची बंदूक आणि भेकराचा हाका

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. काडतुसाच्या बंदुकीत टोपी, दारू आणि छर्रे एकाच नळकांड्यात बांधून कारखान्यातून येतात. ठासणीच्या बंदुकीत हा सारा ऐवज शिकाऱ्याने दर बाराला आपल्या हाताने घालायचा असतो. ठाणे जिल्ह्यात मलंगगडाच्या पायथ्यापासून मुरबाड-शहापूरच्या रानापर्यंत ज्या आगरी, कुणबी घरांत बंदूक असे, तिथे बहुधा हीच असे. काडतुसाची बंदूक पाटलाकडे, सावकाराकडे किंवा मुंबईहून जीपने येणाऱ्या हौशी शिकाऱ्याकडे.

या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आटे पाडलेले असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती लांबवर सरळ जाते. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी तोंडाकडून भरायच्या रायफली आजही वापरतात. पेन्सिल्व्हेनिया राज्यात तर १९७४पासून चकमकीच्या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम ठेवलेला आहे. ठाण्याच्या रानात आट्यांची चैन नव्हती. गुळगुळीत नळीतून सुटलेला छर्रा तीस-चाळीस पावलांपुढे भरवशाचा राहत नाही. इथल्या शिकारीची सगळी रीत या तीस-चाळीस पावलांतून आणि एका बारातून घडलेली आहे. जनावर लांबून टिपता येत नाही, म्हणून ते जवळ आणावे लागते. जवळ आणायला माणसे लागतात. आणि फुकट हाती लागणारी माणसे म्हणजे घरची.

पुढचे वर्णन मलंगगडाच्या पायथ्याच्या एका आगरी घरातले आहे. प्रस्तुत लेखक त्या घरातला. १९६६ साली तो अकरा वर्षांचा होता. बंदूक आजाच्या नावावर होती आणि परवाना पीक संरक्षणाचा होता. १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हत्यारावर परवान्याचे बंधन आणले. त्याच्या जागी आलेल्या १९५९च्या कायद्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. कोणती बंदूक शेतकऱ्याची, हे कायदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते. दारू व टोप्या किती बाळगायच्या याचा आकडा परवान्यावर असे. हरणाची शिकार हा या बंदुकीचा कागदोपत्री उद्देश मात्र नव्हता. शिकारीसाठी मुंबई राज्याच्या १९५१च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याखाली वेगळा परवाना लागे. तो या घरात कोणाकडे होता, असे लेखकाला आठवत नाही.

बंदूक भरण्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो चुकवून चालत नाही. आधी नळी रिकामी व कोरडी असल्याची खात्री करतात. मग पितळी मापट्याने मोजून दारू ओततात. ही काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ढोबळ प्रमाण पंचाहत्तर, पंधरा आणि दहा. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो, गंधकामुळे पेट लवकर धरतो. दारूवर काथ्याचा बोळा जातो. काथ्याला कोकणात तोटा नाही. नारळ सोलल्यावर आजी मऊ काथ्या वेगळा काढून ठेवी आणि त्याला चुलीत जाऊ देत नसे. बोळा गजाने ठासायचा. ठासणी पुरी झाल्याची खूण म्हणजे हातातून सोडलेला गज नळीत ठण्ण करून वर उसळतो. त्यावर छर्रे किंवा शिशाची गोळी आणि वर पातळ बोळा, तो केवळ छर्रे ओघळू नयेत म्हणून. सर्वांत शेवटी घोड्याखालच्या तोटीवर तांब्याची टोपी. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतली ठिणगी तोटीतून दारूपर्यंत जाते आणि बार उडतो.

दारू आणि छर्रे यांच्यामध्ये जागा मोकळी राहिली, किंवा भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरली, तर नळी फुटते. म्हणून गजावर दोन खाचा होत्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. बंदूक हातात घेणाऱ्याने पहिल्यांदा गज आत सोडून खाच पाहायची, मग ती स्वतः भरलेली असो की भावाने. टोप्यांची डबी बंदूकवाल्याच्या खिशात कधी नसे. ती घरातल्या सर्वांत लहान पोराकडे असे आणि आजा जागेवर बसल्यावरच ते पोर तिचे झाकण उघडी. रानातून चालताना बंदूक भरलेली असली तरी टोपीवाचून ती नुसती काठी. त्या वर्षी ती डबी लेखकाकडे होती. पत्र्याची, तपकिरीची डबी होती ती, आणि तिला तपकिरीचा वास शेवटपर्यंत राहिला.

सरावलेल्या माणसालाही पुन्हा भरायला निदान अर्धा मिनिट लागतो. उधळलेले भेकर तेवढ्यात डोंगर ओलांडून गेलेले असते. आजाचे एकच वाक्य साऱ्या घराला पाठ होते: "एकच बार हाय, दुसरा बार नाय." काडतुसाची दुनळी घेऊन येणाऱ्याला हे वाक्य लागू नव्हते, तो चुकला तरी दुसरा चाप होता, आणि त्याचा धीरही तेवढाच कमी असे. हे मत अर्थात ठासणीवाल्या घराचे आहे.

हाक्याचा काळ होळीनंतरचा. पावसाळ्यात दारू सर्द होते आणि गवत डोक्याइतके वाढते. फाल्गुनात साग, ऐन आणि पळस पाने टाकतात, ओहोळ आटतात आणि जनावर उरलेल्या डबक्यांच्या आसपास राहते. मलंगगड आणि माथेरानच्या रांगेमधल्या त्या रानात सांबर तेव्हाच विरळ झाले होते. सांबराची गोष्ट घरातले म्हातारे सांगत. हाती लागे ते भेकर. भेकर हे लहान चणीचे हरिण, वजन साधारण वीस ते अठ्ठावीस किलो. ते कळपाने राहत नाही. धोका जाणवला की कुत्र्यासारखे भुंकते आणि बराच वेळ भुंकत राहते. नराला आखूड शिंगे असतात, ती दरवर्षी गळून नवी येतात. शिवाय वरच्या जबड्यातून दोन सुळे बाहेर आलेले असतात. कोंडीत सापडलेला नर त्या सुळ्यांनी कुत्र्याला फाडतो.

हाका म्हणजे रान उठवणे. गावाच्या वेशीवर वाघोबाच्या दगडापुढे नारळ फोडून दहा-बारा माणसे उजाडायच्या आत निघत. आजा बंदुकीसह, थोरला काका दुसऱ्या वाटेवर भाला घेऊन, बाप आणि धाकटे काका हाकाऱ्यांत, चुलतभाऊ दोन्ही बाजूंच्या टेपाडांवर. टेपाडावरच्यांनी ओरडायचे नसते, नुसते उभे राहायचे असते. माणूस दिसला की जनावर तिकडे न वळता मधल्या ओहोळात उतरते. पुढे माग काढायला पाड्यावरचे दोन कातकरी असत. ओल्या मातीतला खूर कालचा की आजचा, हे त्यांना चालता चालता कळे. आजा त्यांच्याशी वाद घालत नसे.

या सगळ्याला घरची शिकार म्हणणे अर्धवट खरे आहे. काटेरी करवंदीच्या जाळीत शिरून रान झोडपण्याचे काम कातकऱ्यांचे, आणि त्यातला एकजण या घराच्या शेतावर उचल घेऊन राबणारा होता. हाक्याला येणे ही त्याची मर्जी किती आणि उचलीचे ओझे किती, हा प्रश्न १९६६ साली घरात कोणी विचारला नाही. कातकऱ्यांची स्वतःची शिकार वेगळी होती: गलोल, तिरकमठा, जाळी. बंदुकीचा परवाना जमीनवाल्याला मिळे, आणि त्यांच्याकडे जमीन नव्हती.

त्या वर्षीच्या एका हाक्याला आजा ओहोळाच्या वळणावर एका उंबराच्या मुळांत बसला. वारा तोंडावर येत होता, म्हणजे भेकराच्या दिशेने माणसाचा वास जाणार नव्हता. लेखक त्याच्या डाव्या कुशीला. टोपी बसली. मग तासभर काहीच झाले नाही. खोकला दाबणे, मुंग्या चावू देणे आणि लघवी धरून ठेवणे, हा या शिकारीचा लहान मुलाच्या वाट्याला आलेला भाग. वरून डबा बडवल्याचा आवाज सुरू झाला, मग आरोळ्या. आधी एक ससा गेला, मग रानकोंबड्या फडफडल्या, दोन्हींवर आजाने बंदूक उचलली नाही. भेकर आले ते पळत नव्हे. मान खाली घालून, पानांचा आवाज न करता, जणू चोर परसातून निघावा तसे ते ओहोळाच्या काठाने येत होते. पंचवीसेक पावलांवर ते थांबले आणि त्याने मागे वळून पाहिले.

काळ्या दारूचा बार झाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो आणि नेम लागला की नाही हे ज्याने बार काढला त्यालाच सर्वांत शेवटी कळते. आजा उठला नाही. त्याने आधी नळी वर करून फुंकर घातली आणि गज काढून पुन्हा भरायला घेतले. जखमी जनावराकडे रिकाम्या बंदुकीने जायचे नाही, हा नियम. धूर विरला तेव्हा ओहोळात काही नव्हते. रक्ताचे थेंब कातकऱ्याला सापडले आणि माग लागला. दीडएक तासाने करवंदीच्या जाळीत भेकर मिळाले, अजून जिवंत. थोरल्या काकाने ते संपवले. या भागाचे वर्णन घरात कधी रंगवून सांगितले जात नसे. रंगवले जाई ते बाराच्या क्षणापर्यंतचे. गुळगुळीत नळी, छर्रे आणि एकच बार यांनी जनावर जागीच पडणे हे नेहमीचे नव्हते, आणि ही बंदूक जुनी म्हणून अधिक दयाळू होती, असे मानायला आधार नाही.

वाटे जागेवरच पडत. डोके आणि कातडे बंदूकवाल्याचे, उरलेल्याचे जितकी माणसे तितके वाटे, आणि बंदुकीचा म्हणून एक वाटा जास्त. टोप्यांची डबी धरणाऱ्या पोरालाही पुरा वाटा मिळे. मागकऱ्यांना पोटातला ऐवज अधिक दिला जाई, त्याला घरात मान म्हणत. तो मान होता की नको असलेला भाग, हे ज्याने त्याने ठरवावे. बायका हाक्याला जात नसत. संध्याकाळी पाट्यावर खोबरे आणि मिरच्या वाटण्याचे काम त्यांचे, आणि बार कसा झाला हे त्यांना तीनदा तरी ऐकावे लागे.

त्याच रात्री बंदूक धुणे आवश्यक असते. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषते आणि कोकणच्या दमट हवेत नळीला गंज चढू लागतो. तोटी काढून नळीत कढत पाणी ओतायचे, गजाला फडके गुंडाळून घासायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा ओतायचे, नळी चुलीजवळ कोरडी करायची आणि आतून-बाहेरून खोबरेल लावायचे. हे काम बापाचे होते. दसऱ्याला हीच बंदूक नांगराच्या फाळाशेजारी पाटावर पूजेला असे.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर ही रीत मोडली. शिकारीच्या परवान्यांची जी थोडी वाट त्यात उरली होती, तीही १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली. रान त्याआधीच आक्रसले होते. ठाण्याजवळचे येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचे तानसाचे रान अभयारण्य आहे, आणि मलंगगडाच्या बाजूला चाळी व वीटभट्ट्या वर चढत गेल्या. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी मागण्याची सोय महाराष्ट्रात आहे. भेकराला ती लागू नाही. घरातल्या भिंतीवरची शिंगे हाही पुढे कायद्याचा विषय झाला. २००३ साली केंद्र सरकारने असा जुना ऐवज जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली. अनेक घरांप्रमाणे या घरानेही ते वर्तमानपत्रात वाचले ते मुदत संपल्यावर. शिंगे वनखात्याच्या स्वाधीन केली गेली.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये चित्र निराळे आहे. तिथल्या कोडव लोकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९पर्यंत वाढवली. कैलपोद या सणाला ते बंदुकांची पूजा करतात. शिकार त्यांनाही बंद आहे. बंदूक राहिली ती सणासाठी आणि नेमबाजीच्या स्पर्धांसाठी. ठाण्याच्या आगऱ्यांना अशी सूट कधी नव्हती, तेव्हा बंदूक टिकवायची तर परवाना टिकवावा लागे.

परवाना टिकवणे हे नंतरच्या पिढीचे मुख्य काम झाले. आजानंतर तो बापाच्या नावावर आला. दर नूतनीकरणाला बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन दाखवायची. निवडणूक जाहीर झाली की ती जमा करायची आणि निकालानंतर पावती देऊन परत आणायची. गाव १९८३ साली कल्याण महापालिकेत गेले, २००२ मध्ये बाहेर आले आणि २०१५ मध्ये सत्तावीस गावांबरोबर कल्याण-डोंबिवली महापालिकेत पुन्हा गेले. भाताची खाचरे तोवर विकली गेली होती. परवान्यावर कारण मात्र पीक संरक्षण हेच होते, आणि नूतनीकरणाच्या अर्जात सातबारा जोडायचा तर त्यावर दाखवायला पीक उरले नव्हते. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारकाची सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असली, तर ती हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. लेखकाच्या धाकट्या भावाने चौकशी केली. ज्या इमारतीत तो राहतो तिथे भरायची दारू आणि टोप्या ठेवणे त्याच्या बायकोला मान्य नव्हते, आणि तिचे म्हणणे चुकीचे नव्हते.

बापाच्या मृत्यूनंतर बंदूक कायमची जमा झाली. पावतीवर नळीची लांबी, दस्त्यावरच्या तारेच्या बांधणीची नोंद आणि 'गजासह' हा शब्द आहे. टोप्यांची डबी रिकामी होती, ती कोणी मागितली नाही.