फुटलेलें झांकण

आमचे दिवंगत वडील बंधू ज्या मोटारसायकलीवर पंधरा वर्षें खेडोपाडीं हिंडले, ती गेल्या पावसाळ्यांत दगडावर आडवी पडली. इंजिनाच्या क्लचकडील ॲल्युमिनियमच्या झांकणास तडा जाऊन तेल ठिबकूं लागलें. मेकॅनिक म्हणाला, "मास्तर, नवें बसवा, जोडाची भानगड नको." त्याचें म्हणणें खोटें नव्हे. बोल्टापाशीं किंवा पॅकिंग बसतें त्या कडेस तडा असता, तर आम्हीही नवेंच घेतलें असतें. परंतु हा मध्यभागीं, चार बोटें लांब. शिवाय तें झांकण बंधूंनीं दर शनिवारीं स्वहस्तें घासून लखलखीत ठेविलेलें!

वेल्डिंगच्या वृद्ध मिस्त्रींनीं प्रथम झांकण धुऊन, तापवून मुरलेलें तेल काढिलें. तडा पुढें धांवूं नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस बारीक भोकें पाडिलीं. विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, हा धातु सुमारें ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा पातळ थर २,००० अंशांपलीकडे. आणि लोखंडासारखा लाल होऊन तो इशाराही देत नाहीं, एकाएकीं गळून पडतो. म्हणून आर्गॉन वायूच्या आवरणांत, उलटसुलट वाहणाऱ्या विजेनें तो थर फोडीत मिस्त्री सांधीत गेले. आंचेनें कड वांकली नाहीं ना, हें त्यांनीं सपाट कांचेवर ठेवून पाहिलें.

सांधा जाड दिसतो खरा. कानशीनें घासूं का, असें मिस्त्रींनीं विचारिलें. आम्ही नको म्हटलें. तेल मात्र अद्याप थेंबभरही गळलें नाहीं.