खिडकी कोणाची?

डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं 'सी'चं जुनं जर्नल काढा आणि कुठलंही पान उघडा. मेनच्या सुरुवातीला क्लिअर-स्क्रीन, आणि शेवटचा महिरपी कंस बंद व्हायच्या आधी गेट-सी-एच. मधला प्रोग्राम मूळ संख्यांचा असो की ताऱ्यांच्या पिरॅमिडचा, या दोन ओळी ठरलेल्या. व्हायवाला मी हमखास विचारतो, "शेवटची ओळ कशासाठी?" "सर, आउटपुट थांबवायला." "आणि पहिली?" "आधीच्या रनचं आउटपुट पुसायला, सर." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण शेजारी शेजारी ठेवली की कोडं पडतं. आधीचं आउटपुट पुसावं लागतं, म्हणजे ते शिल्लक असतं. शिल्लक असतं, तर थांबवायचं काय?

उत्तर बोर्लंडच्या टर्बो सी++मध्ये आहे. १९९० साली आलेलं हे डॉसवरचं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये पुढे डॉसबॉक्सच्या आधाराने चालत राहिलं. कंट्रोल एफ-९ दाबलं की प्रोग्राम चालायचा, आउटपुट डॉसच्या काळ्या पडद्यावर उमटायचं, आणि प्रोग्राम संपताक्षणी निळा एडिटर त्या पडद्यावर पुन्हा येऊन बसायचा. आउटपुट गेलेलं नसायचं, झाकलेलं असायचं. ऑल्ट एफ-५ दाबा, जसंच्या तसं समोर. गेट-सी-एचने एवढंच व्हायचं, की कोणी कळ दाबेपर्यंत एडिटर परत यायचा नाही.

विंडोजवर मात्र खिडकी खरोखरच जाते, आणि तिथलं कारण वेगळं आहे. काळी खिडकी प्रोग्रामची नसते. ती कन्सोलची असते, आणि विंडोज ७पासून ती चालवण्याचं काम कॉनहोस्ट नावाच्या स्वतंत्र प्रोसेसकडे आहे. अशा कन्सोल प्रोग्रामच्या एक्झी फाइलच्या हेडरमध्ये 'मी कन्सोलवर चालणारा प्रोग्राम आहे' अशी नोंद असते. फाइलवर डबल-क्लिक केलं की विंडोज ती नोंद वाचतं, नवा कन्सोल उघडतं आणि प्रोग्राम त्याला जोडून देतं. एका कन्सोलला अनेक प्रोसेस जोडलेल्या असू शकतात. त्यातली शेवटची संपली, की कन्सोल मिटतो. बैठकीतला शेवटचा माणूस उठला की सतरंजी गुंडाळतात, तसं. सीएमडी उघडून त्यातून तोच प्रोग्राम चालवला तर प्रोग्राम संपतो, पण सीएमडी बसलेलाच असतो. म्हणून खिडकीही राहते.

हे नुसतं ऐकून घेऊ नये, करून बघावं. विंडोजमध्ये गेट-कन्सोल-प्रोसेस-लिस्ट नावाचं फंक्शन आहे. कन्सोलला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत ते सांगतं. तो आकडा छापणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहा. सीएमडीतून चालवलात तर २ येतात. डबल-क्लिक केलंत तर १. (तो १ वाचता यावा म्हणून या एका प्रोग्रामला शेवटी थांबवायला माझी ना नाही.)

एकदा हे कळलं की प्रोग्रामच्या पोटात थांबा घालणं किती चुकीच्या जागचं औषध आहे ते दिसतं. सगळ्यात ठळक गोष्ट अशी: थांब्याची ओळ शेवटी असते, आणि प्रोग्राम बिघडला तर शेवटापर्यंत पोचतच नाही. फाइल सापडली नाही, मधेच एक्झिट झालं, शून्याने भागाकार झाला, की खिडकी चमकून जाते आणि चुकीबद्दलचा संदेश तिच्याबरोबर जातो. सगळं सुरळीत झालं तेव्हा खिडकी उघडी, आणि जेव्हा वाचायची खरी गरज तेव्हा बंद! गेट-सी-एचऐवजी गेटचार वापरणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. स्कॅन-एफने आकडा घेतला, पण त्यामागचं एंटर तिथेच पडून राहिलं. गेटचार तेच उचलतं आणि न थांबता पुढे जातं. मग पोरं दोन गेटचार लिहितात, आणि दुसरं का लागतं हे कोणालाच सांगता येत नाही. सिस्टीम-पॉज तर एका कळीसाठी अख्खा सीएमडी नव्याने उभा करतो, आणि लिनक्सवर पॉज नावाची आज्ञाच नाही.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती माणूस समोर नसतो तेव्हाची. एका पतसंस्थेतलं प्रकरण मी जवळून पाहिलं. रात्रीचा बॅकअप घेणारा प्रोग्राम टास्क शेड्यूलरला लावलेला होता, आणि त्याच्या शेवटी पॉज होता. कोणी लॉग-इन नसताना चालणाऱ्या कामाची खिडकी कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. बॅकअप पहिल्या रात्री झाला आणि प्रोग्राम कळ दाबली जाण्याची वाट बघत बसला. शेड्यूलरची मूळ सेटिंग अशी, की आधीचं काम चालू असेल तर नवं सुरू करायचं नाही, आणि काम ३ दिवसांपेक्षा जास्त लांबलं तर थांबवायचं. त्यामुळे मधल्या रात्री बॅकअपच नाही, आणि यादीत मात्र स्थिती 'रनिंग'. पाहणाऱ्याला वाटायचं, काम चालू आहे. ती ओळ काढली आणि बॅकअप रोज होऊ लागला.

प्रोग्रामने काम करावं, निकालाचा कोड परत द्यावा आणि संपावं. शून्य म्हणजे ठीक, दुसरं काही म्हणजे बिघाड. पुढचं काम करायचं की नाही, हे त्या कोडवरून बाहेरचा ठरवतो. थांबायचं की नाही, हेही बाहेरच ठरायला हवं. डबल-क्लिकच हवं असेल तर दोन ओळींची बॅच फाइल करा: पहिलीत प्रोग्रामचं नाव, दुसरीत पॉज. नाहीतर सीएमडीला स्लॅश-के देऊन प्रोग्राम चालवा; काम झाल्यावर सीएमडी उठत नाही. विंडोज टर्मिनलमध्ये तर 'ग्रेसफुल' नावाची सोय आहे, ती मला फार आवडते. प्रोग्राम नीट संपला तर खिडकी मिटते, बिघडून संपला तर कोड दाखवत उघडी राहते.

माझ्या वर्गात पहिल्या प्रॅक्टिकलला एडिटरआधी सीएमडी येतो. फोल्डरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी टाइप करून एंटर दाबलं की त्याच फोल्डरमध्ये तो उघडतो, एवढं सोपं आहे. मग मुद्दाम शून्याने भागणारा प्रोग्राम चालवायला देतो. डबल-क्लिकने काहीच हाती लागत नाही. सीएमडीत चालवून एरर-लेव्हल छापायला सांगितली की पडद्यावर येतं: उणे १०७३७४१६७६. एवढा मोठा आकडा बघून वर्ग गोंधळतो. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडला ३२ बिटांवर लावून तोच आकडा हेक्समध्ये बघितला, की 'सी'पुढे पाच शून्यं आणि ९४ दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या यादीत या कोडसमोर लिहिलेलं आहे: पूर्णांकाला शून्याने भाग.