कन्हानकाठचं कामठी

कामठीत पाहण्यासारखं काय? छावणी आणि ड्रॅगन पॅलेस, झालं! नागपुरातल्या एका इतिहासप्रेमी गृहस्थांनी हे असं ठासून सांगितलं, आणि मी तिथंच वाद घातला. इंग्रजांनी १८२१ साली कन्हानकाठी छावणी वसवली, म्हणून गावाचा इतिहास तिथून मोजायचा, हे त्यांचं म्हणणं. मला ओढ होती ती बिड्या वळणाऱ्यांच्या कामठीची.

ऑटोवाले भाऊ आधी ड्रॅगन पॅलेसलाच घेऊन गेले. १९९९ साली जपानी मदतीतून उभं राहिलेलं हे बुद्धविहार देखणं आहे, पण मला फार वेळ थांबवेना.

जुन्या वस्तीत एका ओट्यावर मावशी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. भिजवून मऊ केलेलं तेंदूपान फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, तोंड दुमडून बंद. नजर रस्त्यावर, बोटं आपली चाललेली. मजुरी हजारी. "हजार करता करता दिवस जाते, भाऊ," त्या म्हणाल्या. वर ठेकेदार 'छाट' म्हणून काही बिड्या बाजूला काढतो. त्या कष्टांची मजुरी बुडते.

ही लूट बाबू हरदास एल. एन. यांनी लहानपणापासून पाहिली होती. जन्म १९०४ चा, याच कामठीत. ठेकेदारांच्या तावडीतून मजूर सुटावेत म्हणून त्यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली, सहकाराचा मार्ग धरला. १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. 'जय भीम' हा अभिवादनाचा उच्चार रूढ करण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. भेटल्यावर कुणापुढं वाकायचं नाही, बरोबरीनं बोलायचं, हे त्यांनी या गल्ल्यांतच पेरलं. क्षयानं १२ जानेवारी १९३९ ला गेले तेव्हा ते अवघे पस्तीस वर्षांचे होते. इतक्या कमी वयात इतकं काम केलेला माणूस शालेय पुस्तकांत ठळकपणे का नाही, याचा मला संताप येतो.

पुढं कन्हानच्या घाटावर त्यांच्या समाधीपाशी बराच वेळ बसलो. छावणीतले बंगले, जुनं चर्च पाहायचं ठरलं होतं. मन तिकडं वळलंच नाही. जानेवारीत त्यांच्या स्मरणार्थ इथं मेळा भरतो. त्याला यायचं आता नक्की केलंय. छावणी तेव्हाही राहिली तरी चालेल.